अकरा पॅट्रिक आणि एक पाटी

माणसाने पन्नाशीनंतर भिंतीवरच्या नकाशाला टाचण्या टोचू नयेत, असं माझं आता ठाम मत झालं आहे. टोचायच्याच असतील तर नद्या दाखवाव्यात, डोंगर दाखवावेत, फार तर बटाट्याचं पीक दाखवावं. आडनावाच्या वाटेला जाऊ नये, आणि ते आडनाव स्वतःचं असेल तर मुळीच जाऊ नये. पण मी, फिंटन ब्रॅडिगन, किलनामोरा गावचा भूगोलाचा मास्तर, नाताळच्या सुट्टीत बैठकीच्या खोलीतल्या नव्याकोऱ्या वॉलपेपरवर जगाचा नकाशा लावून बसलो. विषय होता, ब्रॅडिगन आडनावाचा उगम आणि आजचा पसारा.

पसारा काढणं सोपं गेलं. बोस्टनला दोनशे बारा टाचण्या, लिव्हरपूलला चौसष्ट, ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला एकतीस आणि आइसलंडमध्ये एक. हा आइसलंडचा ब्रॅडिगन तिथे काय करतो, हे त्याने मला तीन पत्रं लिहूनही सांगितलेलं नाही. माझी बायको ग्रॉन्या चहाचा कप घेऊन आली, नकाशाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "वॉलपेपरला तीनशे भोकं पाडलीस, फिंटन. आता हे सगळे जेवायला येणारेत का तेवढं सांग."

खरी गर्दी मात्र आमच्या गावातच. किलनामोऱ्यात घरं एकशे चाळीस, त्यातली त्र्याण्णव ब्रॅडिगनांची. हर्लिंग या आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या संघात पंधरापैकी बारा ब्रॅडिगन. स्थानिक रेडिओवरचा माणूस सामना सांगताना "ब्रॅडिगनकडून ब्रॅडिगनकडे, ब्रॅडिगनने अडवला" इथपर्यंत येतो आणि मग हवामानाबद्दल बोलायला लागतो. एवढे सगळे एकाच नावाचे म्हटल्यावर ओळखायचं कसं? तर आमच्याकडे प्रत्येक घराण्याला पूर्वापार एक टोपणनाव आहे. ब्रॅडिगन लाल, ब्रॅडिगन विहीर, ब्रॅडिगन शिपाई. ही तीन नशीबवान घराणी. बाकीच्यांची टोपणनावं अशी आहेत की ती पाठीमागेच घ्यायची. सगळ्या गावाला ठाऊक असतात, फक्त ज्याची त्याच्या तोंडावर काढायची नाहीत, असा शिष्टाचार आहे. काहींना आपलं टोपणनाव माहीत असतं आणि ते माहीत नसल्याचा आव आणतात. काहींना खरंच माहीत नसतं. मी त्यांतला. माझी आपली समजूत होती की आमचं घराणं ‘ब्रॅडिगन पंडित’ असणार. आजोबांच्या घरात दोन पुस्तकं होती.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग फेब्रुवारीत जिल्हा कौन्सिलने एक योजना काढली. प्रत्येक आडनावाच्या मूळ गावाच्या वेशीवर तपकिरी रंगाची सरकारी पाटी लावायची, ‘अमुक घराण्याचं मूळ गाव’. एका आडनावाला एकच पाटी. उन्हाळ्यात परदेशातले झाडून सगळे ब्रॅडिगन मेळाव्याला येणार होते, आणि जिथे पाटी तिथेच ते येणार हे उघड होतं. मी अर्ज मागवला तेव्हा कळलं की नदीपलीकडच्या डेरीलस्कचा अर्ज आधीच दाखल झाला आहे.

डेरीलस्कचा अर्जदार म्हणजे दातांचे डॉक्टर कॉन्लेथ ब्रॅडिगन. माझ्या दोन दाढा त्यांनीच काढलेल्या, त्यातली एक चांगली होती, त्यामुळे आमच्यात थोडं कमी-जास्त होतंच. त्यांनी अर्जाला घराण्याचं मानचिन्ह जोडलं होतं. त्यावर सिंह! डेरीलस्कमध्ये आजवर दिसलेलं सगळ्यांत हिंस्र जनावर म्हणजे त्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देणारी बाई. आणि ब्रॅडिगन हे म्हणे राजाचे सेनापती होते. माझ्या वाचनाप्रमाणे आमचा मूळपुरुष वाटसरूंना रात्रीपुरता निवारा देणारा साधा माणूस होता, आणि त्याचा निवारा आमच्याच टेकडीखाली होता. पण निवाऱ्याचं मानचिन्ह काढायचं कसं?

माझ्या वडिलांची चुलतबहीण नोनीआत्या एक्याण्णव वर्षांची आहे. तिला ही बातमी कळल्यावर तिने मला बोलावून घेतलं. "मास्तर, ती पाटी पलीकडे लागली ना, तर मी मरणार नाही. तुझ्या छातीवर बसून राहीन."

मलाही ते सहन झालं नसतं हे खरंच सांगतो. शाळेत जाताना मला पुलाजवळून जावं लागतं. रोज सकाळी पलीकडे ती पाटी दिसायची आणि मुलांना मग जगातल्या राजधान्या शिकवायच्या, हे माझ्याच्याने झालं नसतं.

कौन्सिलचा नियम सरळ होता. सगळ्यांत जुन्या भरवशाच्या यादीत त्या आडनावाची निरनिराळी कुटुंबं जिथे जास्त, ते मूळ गाव. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारने घरोघर फिरून जमिनी मोजल्या, त्याची छापील यादी आहे. डेरीलस्कमध्ये ब्रॅडिगन एकोणीस. आमच्याकडे सव्वीस. मी त्या दिवशी बेकरीतून आख्खा केक आणला.

केक संपायच्या आत कौन्सिलच्या मिस टायर्नींचं पत्र आलं. डॉक्टरांनी हरकत घेतली होती. आमच्या सव्वीस नोंदींत अकरा नोंदी ‘पॅट्रिक ब्रॅडिगन’ या एकाच नावाच्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, हे अकरा पॅट्रिक नसून एकच पॅट्रिक आहे आणि त्याची अकरा वावरं आहेत. म्हणजे आमचा आकडा पंधरा अधिक एक, सोळा. मिस टायर्नींनी नम्रपणे विचारलं होतं, की अकरा पॅट्रिक वेगवेगळे होते हे मी सिद्ध करू शकेन का.

आता याला काय उत्तर द्यायचं? नदीपलीकडचे लोक पोरांची नावं ठेवताना डोकं चालवत असतील. आमच्याकडे पहिल्या मुलाचं नाव पॅट्रिक ठेवतात, आणि पहिला मुलगा प्रत्येकालाच होतो.

तोडगा आमच्या पोस्टमनने सुचवला. मॅलकी गेली बत्तीस वर्षं आमच्याकडे टपाल वाटतो आणि गावातली सगळी टोपणनावं त्याच्या डोक्यात आहेत. तो दारात पत्र देता देता म्हणाला, "मास्तर, छापील यादी कशाला बघता? मोजणीदाराने हाताने लिहिलेली वही डब्लिनला दप्तरखान्यात असेल. त्यालाही अकरा पॅट्रिक ओळखायला लागलेच असतील ना? त्याने कंसात काहीतरी लिहिलं असणारच."

"काहीतरी म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही जाऊन बघालच की," मॅलकी म्हणाला आणि सायकल घेऊन फारच लगबगीने निघून गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दप्तरखान्याला अर्ज केला. उत्तर आलं, कुठल्या पॅट्रिकची नोंद हवी ते लिहा. मी लिहिलं, अकराच्या अकरा. उत्तर आलं, एका अर्जात एकच व्यक्ती. मी अकरा अर्ज भरले, अकरा पाकिटं, अकरा तिकिटं. त्यातले दहा परत आले. वर शिक्का होता, ‘एकाच व्यक्तीसाठी पुन्हा केलेला अर्ज’. म्हणजे दप्तरखानाही डॉक्टरांच्याच बाजूला गेला होता. मी शाळेत रजा टाकली आणि डब्लिनची गाडी पकडली.

तिथल्या बाईंनी वही आणून दिली आणि मी पेन्सिल सरसावून बसलो. मॅलकीचं खरं होतं. प्रत्येक पॅट्रिकपुढे कंस होता. पॅट्रिक ब्रॅडिगन (लाल). पॅट्रिक ब्रॅडिगन (विहीर). पॅट्रिक ब्रॅडिगन (शिपाई). मी एकेक उतरवून घेत होतो आणि मनातल्या मनात डॉक्टरांची एकेक दाढ उपटत होतो. मग आमची वाडी आली. आमचं घर, आमचा ओढा, मागचं काटेरी कुंपण, सगळं बरोबर. पुढे स्वच्छ अक्षरात होतं, पॅट्रिक ब्रॅडिगन (अर्धी विजार).

मी चष्मा पुसला. तरीही अर्धी विजारच होती.

"काही हवंय का?" बाईंनी विचारलं.

"पाणी," मी म्हणालो.

घरी आलो तो थेट स्वयंपाकघरात जाऊन ग्रॉन्यासमोर उभा राहिलो. "अर्धी विजार हा शब्द तू कधी ऐकलायस?"

ती पाव कापायची थांबली. "कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"अरे, लग्नाच्या दिवशीच कळलं. चर्चच्या पायरीवर शेजारच्या अ‍ॅट्रॅक्टाने कानात सांगितलं."

"आणि तरीही तू आत आलीस?"

"बाबांनी हात धरला होता. आणि बँडवाले वाजवायला लागले होते," ग्रॉन्या म्हणाली आणि मग तिला इतकं हसू आलं की तिने सुरी खाली ठेवली. सत्तावीस वर्षांचं हसू होतं ते, एकदम थांबणार नव्हतं.

नोनीआत्याने बाकीचा इतिहास पुरवला. बिशपसाहेब गावात यायचे होते, आणि गावाच्या वतीने हार घालायचा मान आमच्या पॅट्रिकला मिळाला होता. जवळची वाट म्हणून तो वळूच्या कुरणातून निघाला. वळूला वाट पसंत पडली नाही. कुंपणावरून उडी मारताना विजारीचा अर्धा भाग काट्यांनी ठेवून घेतला. पण वेळ चुकवायची नाही म्हणून पॅट्रिक तसाच धावला आणि उरलेल्या विजारीनिशी बिशपना हार घातला. "हार मात्र फार नीट घातला म्हणतात," आत्या म्हणाली. हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, पण वाटलं नाही. तीस वर्षं मी मुलांना ताठ मानेने शिस्त शिकवत होतो, आणि सबंध वर्ग मनातून माझ्या विजारीची मापं घेत होता.

मी वहीच्या नकला कौन्सिलकडे पाठवल्या. आठवड्यात डॉक्टरांची दुसरी हरकत आली. कंसातले शब्द माणसांचे नसून वावरांचे आहेत, म्हणे. विहीर म्हणजे विहिरीचं वावर, लाल म्हणजे लाल मातीचं वावर. अर्ध्या विजारीचं वावर कसलं, यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘बहुधा आकारावरून’. मिस टायर्नी कंटाळल्या असाव्यात. त्यांनी कळवलं की शनिवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या सभागृहात त्या स्वतः येतील. ज्या ज्या घराण्याचा हयात वंशज उभा राहून हे टोपणनाव आमचं आहे असं सर्वांसमोर सांगेल, त्या त्या घराण्याचा पॅट्रिक वेगळा धरला जाईल.

हिशेब साधा होता. बाकीचे पंधरा पक्के. पाच पॅट्रिक उभे राहिले तर वीस, आणि डेरीलस्क एकोणीस. लाल, विहीर आणि शिपाई तर हसत हसत उभे राहिले असते. अजून दोन हवे होते. उरलेल्या आठ टोपणनावांची यादी मी पुन्हा वाचली आणि ती घडी घालून खिशात ठेवली.

मग सल्ले आले. खाटीक म्हणाला, अर्धी विजार ही जुन्या काळी एक पदवी होती असं सांगा. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करा, पण नक्की कशासाठी ते बोलले नाहीत. शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही शिक्षक आहात, तुम्ही बसूनच राहा, दुसरं कोणी उठेल. सगळ्यांचं मत पडलं की दुसरं कोणीतरी उठेल. शेजारच्या अ‍ॅट्रॅक्टाबाईंना मी कुंपणावरून हळूच विचारलं. या गावच्या फुलझाड मंडळाच्या अध्यक्षा. यांच्या घरी पाहुण्यांनाही बूट काढावे लागतात. त्यांच्या घराण्याचं टोपणनाव होतं ‘उवा’.

"आमच्या घराण्याला टोपणनाव नाही, मास्तर," त्या गुलाबाची फांदी छाटत म्हणाल्या. "आम्ही साधे ब्रॅडिगन." फांदी चांगली होती, तरी छाटली गेली.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. मागच्या टेबलावर हॅमची सँडविचेस आणि चहाची मोठी किटली होती, पण कोणी हात लावला नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल. डॉक्टर कॉन्लेथ पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसले होते. कोटावर सिंहाचा बिल्ला होता. मिस टायर्नींनी वही उघडली.

"पॅट्रिक ब्रॅडिगन, लाल."

"आमचा!" तीन-चार जण एकदम उठले. त्यांचे केस अजूनही लाल आहेत. विहीरवाले उठले, शिपाईवाले तर सलाम ठोकून उठले. अठरा.

"पॅट्रिक ब्रॅडिगन..." मिस टायर्नी थांबल्या, चष्मा पुढे-मागे केला. "अर्धी विजार."

सगळं सभागृह छताकडे बघायला लागलं. शिष्टाचार होता ना. माझ्याकडे एकानेही बघितलं नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं. डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलंच होतं. वावर आहे ते."

वावर! बिशपना हार घालायला वळूच्या तोंडातून धावत गेलेला माणूस, आणि हा त्याला वावर म्हणतो! मला एकदम माझ्या त्या खापरपणजोबाबद्दल असं काही वाटलं की सांगता येत नाही. अर्ध्या विजारीनिशी तो सगळ्या गावासमोर उभा राहिला होता. माझ्या अंगावर तर पूर्ण सूट होता, वर टायसुद्धा.

"आमचा आहे तो," मी उठून म्हणालो. आवाज थोडा चिरकला. "मी फिंटन ब्रॅडिगन, अर्धी विजार. वावर नव्हता तो, माणूस होता. आणि हार त्याने नीट घातला होता!"

पाठीमागून कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग हसणाऱ्याला कोणीतरी सणसणीत टपली मारली. त्याचा आवाज मला ऐकू आला. तेवढ्याने बरं वाटलं.

"एकोणीस," मिस टायर्नी म्हणाल्या. "दोन्ही गावं बरोबरीत. पुढचा. पॅट्रिक ब्रॅडिगन, उवा."

आता कोणी छताकडेही बघेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. अ‍ॅट्रॅक्टाबाई तिसऱ्या रांगेत, टोपीवर फूल लावून, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मिस टायर्नींनी पुन्हा नाव घेतलं. किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं. तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि पेन खाली ठेवायला लागल्या. डॉक्टर कोट सावरत उठले.

"बसा हो तुम्ही!" अ‍ॅट्रॅक्टाबाई कडाडल्या. त्या उभ्या होत्या. मान अशी ताठ, की टोपीवरचं फूलसुद्धा हललं नाही. "मी अ‍ॅट्रॅक्टा ब्रॅडिगन, उवा. पाच पिढ्या झाल्या एकही नाही. कोणाला तपासायचं असेल त्याने पुढे यावं."

कोणीही पुढे गेलं नाही. "वीस," मिस टायर्नी म्हणाल्या.

आणि सभागृह फुटलं! टाळ्या, बाकांवर थापा, नोनीआत्याची काठी जमिनीवर आपटत होती. मी अ‍ॅट्रॅक्टाबाईंना मिठी मारली, ते त्यांना आवडलं नाही. खरं म्हणजे इथे संपायला हरकत नव्हती. पाटी आमची झाली होती. पण मागून एक जाडा आवाज आला, "ओ बाई, पुढची नावं वाचा की! आम्ही काय बसूनच राहायचं?"

त्यांनी वाचली. डुलकी उठले, जे चार पिढ्या रविवारच्या प्रवचनात झोपत आले आहेत. रडके उठले, डोळे पुसत. चिखल्या उठले. बकरीचोर सात जण उठले आणि शेजाऱ्यांकडे खुन्नसने बघून खाली बसले. मेणबत्तीचोर उठले तेव्हा पाद्रीबाबांनी हळूच त्यांची नावं टिपून घेतली. शेवटी ‘दोनदा मेलेले’ हे नाव आलं, आणि ऐंशी वर्षांचे टिमथी ब्रॅडिगन उठताना काठी शोधत इतका वेळ लावायला लागले, की त्यांच्या मुलीने ओरडून सांगितलं, "हे आमचे! उठतायत, अजून आहेत!" अकराच्या अकरा पॅट्रिक उभे राहिले होते. पावणेदोनशे वर्षांनी पहिल्यांदाच सगळे एका खोलीत होते आणि कोणीही कोणाला पाठीमागे काही म्हणत नव्हतं. मला भरून आलं. रडक्यांच्या बाजूला उभा होतो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस टायर्नींनी सव्वीस हा आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि सही केली. मग सगळे सँडविचेसवर तुटून पडले. लोक एकमेकांना टोपणनावाने हाका मारत होते, तोंडावर, मोठमोठ्याने. "ए उवा, चहा दे गं!" असं खाटीक म्हणाला आणि अ‍ॅट्रॅक्टाबाईंनी खरोखरच दिला.

डॉक्टर कॉन्लेथ अजून पहिल्याच रांगेत एकटे बसले होते. मी दिलदार विजेता आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी एक कप घेऊन गेलो. त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. गर्दीकडे बघत होते. सिंहाचा बिल्ला त्यांनी केव्हातरी काढून खिशात टाकला होता.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या डेरीलस्ककडे ही पद्धत नाही. पण तुम्हा लोकांनी... म्हणजे नदीच्या या बाजूला... आमच्याही घराण्याला काहीतरी म्हणत असतीलच ना?"

मी मॅलकीकडे बघितलं. मॅलकीने नोनीआत्याकडे बघितलं. सँडविच खाणारे सगळे ब्रॅडिगन, लाल, उवा, डुलकी, बकरीचोर, जागच्या जागी थांबले आणि एकेकाची नजर सावकाश छताकडे गेली.

"आहे ना, डॉक्टर," मॅलकी अदबीने म्हणाला. "फार जुनं आहे."

"काय आहे?"

"ते असं तोंडावर सांगत नाहीत आमच्याकडे," मॅलकी म्हणाला, आणि मी डॉक्टरांपुढे साखरेचं भांडं सरकवलं.